पिवळं पान दिसता कामा नये

१२ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

मेहुण्यांनी काल पुन्हा सांगितलं की तू झोपली आहेस. सकाळी साडेदहाला. परवा संध्याकाळी सहालाही तू झोपलेलीच होतीस, आणि त्याआधी रविवारी ऐन जेवणाच्या वेळेला. लहानपणी तुला एवढी झोप लागली असती तर आईचे निम्मे केस तरी काळे राहिले असते. त्या बिचाऱ्यांना खोटं बोलता येत नाही, दर वेळी आधी घसा खाकरतात. त्यांना म्हणावं, सरळ सांगा, 'ती बोलायचं नाही म्हणते.' मी वाईट वाटून घेणार नाही. म्हणजे घेईन, पण फोनवर दाखवणार नाही.

म्हणून पत्र. पत्राला 'झोपली आहे' असं सांगता येत नाही.

हातांना आता कसं आहे? मेहुणे म्हणाले, उजव्या हाताने पेला धरता येतो, पण त्याच्याकडे बघत बघत धरावा लागतो. पायांचं त्यांनी काही सांगितलं नाही आणि मलाही विचारवलं नाही. तुझ्या नणंदेचं घर तळमजल्यावर आहे हे एक बरं झालं, जिन्याची भानगड नाही. डॉक्टरांनी दिलेला रबरी चेंडू दाबतेस ना? लहानपणी औषधाची गोळी जिभेखाली लपवून नंतर कुंडीत थुंकणारी तू. त्या कुंडीतलं झाड मात्र कधी आजारी पडलं नाही.

इकडे सगळं ठीक. दातांच्या दवाखान्यातला मनीप्लांट छताला टेकून परत खाली यायला लागलाय. पेशंट तोंड उघडून आडवे पडलेले असतात, त्यांना तेवढंच काय ते बघायला मिळतं. डॉक्टर सगळ्यांना सांगतात, 'या आमच्या वेलवाल्या बाई, यांच्यामुळे आमच्याकडची हवा शुद्ध.' मी हसते. हल्ली जरा कमी हसते.

त्या दिवशी फोनवर तू जे विचारलंस, खोलीतली हवा वाईट आहे हे मालकाला सांगशील का म्हणून, त्याचं मी उत्तर दिलं नाही असं तुला वाटत असेल. मी दिलं होतं. 'मी साधी माळीण, मला हवेतलं काय कळतंय' हे उत्तरच होतं. तूच सांग, कारखान्याच्या मालकासमोर उभं राहून 'तुमच्या खोलीतल्या हवेने माझ्या बहिणीचे हातपाय बधिर झाले' हे मी कुठल्या तोंडाने म्हणणार? मी काय डॉक्टर आहे? पर्स चिकटवायच्या सोल्युशनच्या वासाने असं होतं हे तुझे डॉक्टर म्हणाले ना, मग त्यांनीच तसं लिहून द्यावं.

असो. चिडू नकोस. स्वतः लिहिता येत नसेल तर मेहुण्यांकडून लिहून घे. ते घसा खाकरतील आणि लिहितील.

तुझी,
ताई

२२ फेब्रुवारी, रविवार

धाकटे,

उत्तर नाही. ठीक आहे. वाट बघण्यात माझा हात कुणी धरणार नाही, वेल लावणाऱ्या बाईला घाई करून चालतच नाही.

काल तुमच्या खोलीवर गेले होते. तुमच्या खोलीचा वार शनिवार, बायका चारला सुटल्या की पाचला मी. तुझ्या स्टुलावर आता चेनच्या रिळांचे खोके ठेवलेत. बाकी सगळं तसंच आहे, ते लांब टेबल, आठ ब्रश, सोल्युशनचे डबे आणि त्यांच्या काठावर वाळलेले पिवळे ओघळ. डब्यांना झाकणं आहेत, पण ती डब्यांवर कधी नसतात. वास मला दारातच लागला. मला तो पहिल्यापासून लागतो, पण दहा मिनिटांनी लागेनासा होतो. तुम्ही तर तिथे नऊ-नऊ तास असायचा.

मालक थांबला होता. मेहुण्यांनी दिलेला तक्रारीचा कागद वरपर्यंत पोचलाय, बारा मार्चला तपासणी आहे. म्हणाला, "वेलवाल्या बाई, त्या दिवशी भिंत अशी गच्च हिरवी पाहिजे की साहेबांना वाटावं, जंगलात आलो. आणि तुम्हाला विचारलं तर सांगायचं, इथली हवा बाहेरच्यापेक्षा चांगली आहे."

मी म्हटलं, "होईल."

बघ, लिहून टाकलं. तुला वेगळं काही ऐकायचं असेल, पण मी हेच म्हटलं. झाडांबद्दल मला कुणी काहीही विचारलं की माझ्या तोंडातून आधी 'होईल' बाहेर पडतं, विचार मागून चालत येतो. मागच्या वर्षी या सगळ्याची सुरुवातही अशीच झाली. तुम्ही आठजणींनी मिळून हवा बाहेर फेकणारा पंखा मागितला होता, एक सोडून दोन. मालक द्यायला तयारही होता. मध्येच तू कौतुकाने सांगितलंस की माझी ताई वेल लावते, खोली कशी प्रसन्न होते. तुझा हेतू चांगला होता, ताईला एक गिऱ्हाईक मिळेल एवढाच. त्याने मला बोलावलं आणि विचारलं, "वेलाने हवा शुद्ध होते म्हणतात, खरं का?"

मी पर्समधून माझं पत्रक काढून त्याच्या हातात दिलं. 'एक वेल, एक खोली, शुद्ध हवा.' ते वाक्य माझंच आहे, मला त्याचा फार अभिमान होता. मूळ माहिती मी दातांच्या दवाखान्यातल्या एका मासिकात वाचली होती. तिथे लिहिलं होतं की बंद काचेच्या पेटीत एक झाड ठेवलं, आत थोडा विषारी वायू सोडला, आणि झाडाने तो कमी केला. पेटी म्हणे टेबलावर मावेल एवढी. त्या पेटीत आठ बायका नव्हत्या आणि सोल्युशनचे डबेही नव्हते. पेटीचा उल्लेख मी पत्रकात केला नाही. जागा नव्हती.

पंखे रद्द झाले. आजार रेड्याला आणि औषध पखालीला. मी मात्र त्या दिवशी घरी येऊन खुशीत दोन कप चहा प्यायले.

ताई

३ मार्च

धाकटे,

काल चष्मेवाली माझ्या गच्चीवर आली होती. तीच, तुझ्या शेजारी बसणारी, डोक्यावर चष्मा ठेवून सगळ्या खोलीत चष्मा शोधणारी. चार जिने चढून आली आणि कठड्याला धरून उभी राहिली. मी म्हटलं, "बसा, चहा टाकते."

"चहा नको," म्हणाली. "कपाचा कान धरलाय की नाही ते आता मला बघावं लागतं."

मी तिच्या बोटांकडे बघितलं.

"बोटांना मुंग्या येतात. तुमच्या बहिणीला सुरुवातीला यायच्या ना, तशाच. काल पोलक्याचं बटण लावताना बोटं माझी वाटेनात."

"मालकांना सांगितलं का?"

"सांगितलं. ते म्हणाले, वेल बघा कसे टवटवीत आहेत. नाजूक झाडाला काही होत नाही, तुम्हाला कसं होईल?" मग तिने चष्मा डोक्यावरून खाली घेतला आणि माझ्याकडे नीट बघितलं. "खरं आहे का हो ते?"

मी म्हटलं, "साखर संपलीय का बघून येते," आणि आत गेले. तिने चहा नको म्हणून सांगितलं होतं, धाकटे. मी तरी साखरेचा डबा उघडून बघितला, बंद केला, परत उघडला. बाहेर आले तेव्हा ती कोपऱ्यातल्या माझ्या 'दवाखान्या'समोर उभी होती. जे वेल खंगतात त्यांना मी तिथे आणून ठेवते, काही जगतात, काही जातात. "हे सगळेच आजारी दिसतात," ती म्हणाली. मी म्हटलं, "होतं असं." ती जिना उतरताना भिंतीला हात लावून उतरत होती.

ती गेल्यापासून मला एकच गोष्ट आठवतेय, ती लिहून टाकते. वेलांना उजेड लागतो आणि तुमच्या खोलीत उजेड एकाच बाजूने, खिडकीतून. म्हणून चढण्याची लाकडी जाळी मी खिडकीवरच ठोकून घेतली. मग रस्त्यावरच्या वाऱ्याने पानं फाटायला लागली, काळी धूळ बसायला लागली. मी मालकाला सांगितलं, काचेच्या झडपा बंद करून घ्या. त्याने केल्या. पुढे रंगारी आला, त्याने बंद झडपांच्या चौकटीवरच रंग फिरवला आणि त्या चिकटल्या त्या चिकटल्याच.

तू मला विचारलं होतंस. सुरुवातीला मी तुमच्या कामाच्या वेळेतच यायचे; मी जाळीला दोरी बांधत होते, तू डबा उघडत होतीस. "ताई, खिडकी जरा उघडायची का गं? डोकं फार चढतं."

मी म्हटलं, "नको, पानं फाटतील."

पानं फाटतील! मला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

ताई

८ मार्च, रविवार

धाकटे,

मागच्या पत्रात मी खिडकीचं कबूल केलं, ते वाचून तुला वाटलं असेल, चला, ताईच्या पोटातलं सगळं बाहेर आलं. नाही आलं. खिडकी ही चूक होती. आता जे लिहिते ती चूक नव्हती.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. मी ज्या म्हाताऱ्याच्या रोपवाटिकेत काम शिकले त्याने पहिल्याच दिवशी सांगितला होता. गिऱ्हाइकाला पिवळं पान दिसता कामा नये. भाड्याने दिलेलं झाड मान टाकायला लागलं की ते गुपचूप उचलायचं आणि त्याच कुंडीत, त्याच उंचीचं दुसरं ठेवायचं. गिऱ्हाईक वर्षभर म्हणत राहतं, आमचं झाड बघा किती जोमात आहे. ही फसवणूक आहे असं मला कधी वाटलं नाही. लॉजवाले चादरी बदलतात, आम्ही झाडं बदलतो.

कुठलं झाड कुठून कधी उचललं हे मी एका वहीत लिहिते, एका जागेला एक पान. दातांच्या दवाखान्याच्या पानावर अडीच वर्षांत एक ओळ आहे. विमा कंपनीच्या पानावर दोन, त्यातली एक कुणीतरी कुंडीत चहा ओतला म्हणून. तुमच्या खोलीची चार पानं भरली आहेत आणि पाचवं सुरू आहे. बारा कुंड्या, आजवर सत्त्याण्णव वेळा बदललेल्या.

मनीप्लांट मरत नाही, धाकटे. बाटलीत जगतो, मोरीत जगतो, पाणी घालायला विसरणाऱ्या माणसाच्या घरीही जगतो. त्याला मारायचं तर मुद्दाम कष्ट घ्यावे लागतात. तुमच्या खोलीत तो तीन आठवडे टिकत नव्हता. देठ आधी काळा पडायचा, मग पानं. सुरुवातीला मी मनाला सांगितलं, उजेड कमी पडतोय. मग जाळीवर दिवा बसवून घेतला. तरी जात राहिले. ऑगस्टमधला एक शनिवार होता, मी एकाच वेळी सात कुंड्या खाली नेत होते. दुसऱ्या मजल्यावर दम घ्यायला थांबले आणि त्या सातांकडे बघताना मला कळलं. संशय नाही आला, कळलं. मग मी उरलेला जिना उतरले आणि सात नवीन वर नेऊन ठेवले.

तुझी चप्पल जिन्यात पायातून निसटली आणि तू ती मागे टाकून तशीच चालत राहिलीस, तुला कळलंच नाही, ते डिसेंबरात. मधले चार महिने माझ्या हातात होते.

मला लगेच बोलायला हवं होतं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ उघडली असती तर दवाखाना, विमा कंपनी, सगळ्यांनी विचारलं असतं, मग आमच्याकडे तुम्ही काय विकताय? वीस वर्षं लोक मला वेलवाली बाई म्हणतात. नवरा गेल्यावर माझ्याकडे तेवढंच नाव उरलं होतं. मी ते वाचवलं.

आणि तू त्या खोलीत बाकीच्यांना काय सांगायचीस ते मला ठाऊक आहे, तू मला हौसेने सांगितलं होतंस. कुणी डोकं धरलं की तू म्हणायचीस, "आमच्या ताईचे वेल बघा. हवा वाईट असती तर ते असे हसले असते का? आपलंच काहीतरी बिघडलं असेल."

चार दिवसांनी तपासणी आहे. गच्चीवर बारा कुंड्या तयार आहेत, गच्च, एकही पिवळं पान नाही. काय करायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. खरं सांगते, आलेलं नाही.

ताई

११ मार्च, बुधवार, सकाळी

धाकटे,

एक गोष्ट राहिली. ती न लिहिता उद्या तिथे गेले तर मी जे काही करेन ते अर्धंच असेल.

तुझा निळा दोरा.

जुलैमध्ये तू पर्स शिवायच्या निळ्या दोऱ्याचा तुकडा तुझ्या स्टुलाजवळच्या वेलाला बांधलास, अगदी शेंड्याखाली. वेल दोऱ्याच्या किती वर जातो ते तुला बघायचं होतं. पहिल्यांदा तो वेल बदलताना माझ्या ते लक्षातच आलं नाही. सोमवारी तुझा फोन आला, "ताई, माझा दोरा कुठे गेला गं?" मी म्हटलं, "सुटला असेल." तू दुसरा बांधलास.

पुढच्या खेपेला मला तो दिसला. हे सप्टेंबरातलं, म्हणजे मला सगळं कळल्यानंतरचं. मी जिन्याजवळ उकिडवी बसले, नखांनी तुझी गाठ सोडवली आणि तोच दोरा नव्या वेलाला बांधला. शेंड्याखाली नाही बांधला. चार बोटं खाली बांधला, वेल तेवढा वाढल्यासारखा दिसावा म्हणून. एवढी अक्कल मला त्या वेळी सुचली. सोमवारी तू हरखून फोन केलास, "ताई, चार बोटं वाढला! म्हणजे हवा चांगलीच आहे. मी या सगळ्यांना सांगते, पंख्याचं परत काढू नका म्हणून."

मी म्हटलं, "बघ, मी सांगत नव्हते?"

असं मी सहा वेळा केलं. प्रत्येक फोननंतर तू दोरा सोडून पुन्हा शेंड्याखाली बांधायचीस, आणि पुढच्या वेलावर मी तो परत खाली आणायचे. दर वेळी चार बोटं. सहाव्या वेळी, डिसेंबरच्या सुरुवातीला, मी सोडवलेली तुझी गाठ फार ढिली होती, बोट लावताच सुटली. तुझ्या बोटांत तेव्हाच जोर राहिला नव्हता. मला वाटलं, बरं झालं, आज लवकर आटपलं.

माफ कर असं लिहायला घेतलं होतं, खोडलं. माझी चप्पल पायातून निसटली तर मला कळते. मी कसली माफी मागू?

उद्या त्या बारा कुंड्या नेणार नाही.

ताई

१३ मार्च

धाकटे,

काल टेम्पो करून गेले. मालकाने स्वतः दार धरून ठेवलं, "या या, वेलवाल्या बाई, वेळेवर आलात." टेम्पोवाल्याने पहिली कुंडी आत आणली तेव्हाही तो हसतच होता. तिसरी आल्यावर त्याने माझ्याकडे बघितलं. 'दवाखान्या'तल्या एकतीस कुंड्या होत्या, काळे देठ, गळालेली पानं, आणि प्रत्येकीला चिठ्ठी, या खोलीत कधी आली आणि कधी बाहेर गेली. मी त्या तुमच्या लांब टेबलावर ओळीने मांडल्या. जाळीवरचे वेल तीन शनिवार मी बदलले नव्हते. काय करायचं ते माझं ठरलं नव्हतं, पण हात आधीच थांबले होते. तेही माना टाकून बसले होते.

तपासणीवाल्या बाई बुटक्या, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी विचारलं, "हे काय?"

"याच खोलीतले आहेत," मी म्हटलं आणि वही दिली.

मालक म्हणाला, "बाईंना झाडांना पाणी घालता येत नाही, त्याला मी काय करू?" मी दातांच्या दवाखान्याचं पान उघडून दाखवलं. बाईंनी दोन्ही पानं शेजारी शेजारी धरून वाचली. मग डब्यांवरची नावं लिहून घेतली, खिडकीची झडप ढकलून बघितली, ती हलली नाही. मला म्हणाल्या, "वेलांनी या खोलीतली हवा शुद्ध करायची तर इतके लावावे लागतील की बायकांना बसायला जागा उरणार नाही. आणि तरीही पंखा लागेलच."

मी मान हलवली.

मग त्यांनी विचारलं, "हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" सातही जणी दाराशी उभ्या होत्या.

"ऑगस्टपासून," मी म्हटलं.

चष्मेवालीने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला आणि खाली बघत राहिली. मागून कुणीतरी, मला आवाज ओळखता आला नाही, म्हणालं, "आणि आम्ही रोज म्हणायचो, किती छान आहेत हो वेल."

पंखे बसेपर्यंत खोली बंद ठेवायला सांगितलं आहे. सगळ्यांची तपासणी करणार आहेत, चष्मेवालीची पहिली. सातजणी आता घरी बसल्यात आणि त्याचा रागही माझ्यावरच आहे, तो बरोबरच आहे. मालकाने मला जिन्यातून ऐकू येईल इतक्या मोठ्याने जे म्हटलं ते लिहीत नाही, तुझी नणंद पत्र वाचून दाखवत असेल तर उगाच लाजायची. विमा कंपनीने आज सकाळी कुंड्या परत न्यायला सांगितलं. दातवाले डॉक्टर म्हणाले, "आमचा राहू द्या. हवेचं सोडा, पेशंटला बघायला बरा आहे." आता मी तेवढंच विकणार आहे, बघायला बरा. पत्रकं बंबात घातली.

हे मी तुला दाखवायला केलं नाही. थोडं केलंही असेल, मला आता माझी खात्री देता येत नाही. पण तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. दोन महिने उशिरा दिलं.

ताई

२७ मार्च

धाकटे,

तुझं पत्र बुधवारी आलं. पाकिटावरचं अक्षर मेहुण्यांचं होतं, म्हणून मी आधी भाजी निवडून घेतली आणि मग उघडलं. आत तुझं अक्षर. पाटीवर पहिल्यांदा गिरवायचीस तसं, एकेक अक्षर चढावर निघालेलं. किती वेळ लागला असेल तुला! पाच ओळी आहेत. मला त्या पाठ झाल्या आहेत, तरी इथे पुन्हा उतरवते, कारण मी त्या वाचल्या हे तुला कळायला हवं.

'गाठ तुझी होती. पहिल्याच वेळी कळलं, मी शिवणारी आहे.
चार बोटं वाढला म्हणून फोन मुद्दाम केला. वाटलं, आता तरी सांगशील.
तुझं काम जाईल म्हणून मी कुणाला बोलले नाही. चष्मेवालीलाही नाही.
तिला कसं आहे?
खिडकी उघडली का?'

सहा फोन, धाकटे. सहा वेळा तू दार उघडून धरलंस आणि सहाही वेळा मी म्हटलं, 'बघ, मी सांगत नव्हते?' मी समजत होते की मी तुला फसवतेय, आणि तू तिकडे माझं नाव सांभाळत बसली होतीस, स्वतःच्या बोटांवर. हे माझ्याच्याने पुढे लिहवत नाही. भेटल्यावर बोलू, किंवा नको बोलायला, तू म्हणशील तसं.

तू गप्प बसलीस ते ओझं मात्र तुझं एकटीचं नाही. तू माझ्यासाठी गप्प बसलीस, म्हणून निम्म्याच्या वर ते माझं आहे. चष्मेवालीला मी तुझी ओळ वाचून दाखवली. तिने ती ओळ स्वतः पुन्हा वाचली. मग म्हणाली, "तिला सांगा, चेंडू दाबायचा कंटाळा करू नको. मलाही दिलाय." तिचं वेळेवर कळलंय, बरं होईल असं म्हणतात. माझ्याशी ती अजून जेवढ्यास तेवढं बोलते.

आता खिडकी. तुझं पत्र वाचलं तेव्हा ती उघडलेली नव्हती. पंखे आले नाहीत, सुतार उद्या येतो म्हणतो, मालक फोन उचलत नाही. तपासणी झाली, कागद झाले, आणि खिडकीला कुणी हात लावला नव्हता, मीसुद्धा. काल मी स्क्रूड्रायव्हर आणि शनिवारसाठी माझ्याकडे असलेली किल्ली घेऊन गेले. जाळीचे सोळा स्क्रू काढले, चार गंजले होते, ते ठोकून तोडले. झडपा रंगाने बसल्या होत्या, सुरीने फट पाडली, तरी हलेनात. चष्मेवाली माझ्यामागोमाग आली होती, जिन्याच्या पायरीवर बसून बघत होती. शेवटी उठली, खांदा लावला, मी म्हटलं, तुम्ही राहू द्या, तर म्हणाली, "खांद्याला काही झालेलं नाही माझ्या." दोघींनी मिळून ढकललं तेव्हा उघडली. रंगाचे कपचे आमच्या डोक्यावर पडले. समोरच्या घरातल्या बाईने वाळत घातलेले कपडे घाईघाईने आत घेतले, बहुतेक वासाने.

उघडली, धाकटे.

परवा रविवारी मी तुझ्याकडे येतेय. झोपली आहेस असं सांगायला मेहुण्यांना सांगू नकोस, मी पायरीवर बसून राहीन. सोबत एक कुंडी आणते. ज्या वेलावरून मी तुझी ती ढिली गाठ शेवटची सोडवली, तो 'दवाखान्या'त पडून होता, त्याने दोन पानं काढली आहेत. उगाच त्यातून काही अर्थ काढू नकोस, मनीप्लांट आहे, उघड्या हवेत जगतोच.

निळा दोरा मी जपून ठेवलाय, तोही आणते. या वेळी गाठ तू मार. तासभर लागू दे, दिवस लागू दे. सुटली तर परत मार. मी समोर बसेन आणि हात लावणार नाही.

तुझी,
ताई